कॅमेऱ्यापुढचा संसार

३ मार्च १९५१, हॉलिवूड
वॉल्डन आज प्यायलेला नव्हता, म्हणून स्टुडिओत वेळेवर पोचलो. फाटकाशी फोटोवाले दिसले, तसा त्याने माझा हात हातात घेतला. पडद्यावरचे नवरा-बायको घरीही नवरा-बायको — सगळी जाहिरात त्यावरच चाललीय.

५ मार्च
थपडेचा प्रसंग. हात गालाजवळून नुसता न्यायचा, आवाज मागून भरायचा, असं ठरलेलं. वॉल्डनने खरीच मारली. मी कोलमडले. दिग्दर्शक म्हणाला, "सुरेख! हाच टेक ठेवू." टाळ्या पडल्या.

मेकअप उतरवताना रंगपटातल्या बर्निसचा हात थांबला. "बाई, गालावरचा वळ आजचा. मानेवरचा कधीचा?"

दारावर आपटले, म्हटलं.

"तुमच्या घरची दारं फार वाईट हो," एवढंच म्हणाली. रंगपटातल्या सगळ्यांना माहीत असणार.

९ मार्च
स्टुडिओचे मालक गॅटलिनसाहेब यांच्याकडे गेले. घटस्फोट हवाय, म्हटलं. त्यांनी चॉकलेटांचा डबा पुढे केला. "हे बघ पोरी, लोक तुमचा संसार बघायला तिकीट काढणार. घर मोडलंस की करार मोडलास. मग या गावात तुला दारात कुणी उभं करणार नाही."

मी चॉकलेट घेतलं. का घेतलं?

१० मार्च
शेवटचा प्रसंग. बायको परत येते, दारात उभी राहून म्हणते — माझी जागा इथेच. माझे ओठच हलेनात. वॉल्डन कानाशी म्हणाला, "घरी म्हणतेस तसंच म्हण की."

म्हटलं.

१८ मार्च
काही नाही. गळाबंद झगा घातला.

२ जून
जवळच्या पॅसाडेना गावात लोकांना सिनेमा आगाऊ दाखवला. आम्ही मागच्या रांगेत, अंधारात. थप्पड आली. एवढ्या मोठ्या पडद्यावर! पुढची एक म्हातारी मोठ्याने म्हणाली, "मेल्याचा हात झडो." कुणी हसलं नाही. वॉल्डन तोंडावर हात धरून बसलेला.

परतताना गाडी मी चालवली. त्याने विचारलं, "मी असा दिसतो?"

"हो."

घरी पोचल्यावर तो बाहेरच्या कोचावर झोपला.

४ जून
वॉल्डन कालपासून घरी नाही. आज पेपरात पहिल्या पानावर त्याचं बोलणं — "ती थप्पड खरी होती. घरी मारल्या त्याही. ती मला सोडून गेली तर दोष माझा." म्हणजे करार त्याने मोडला. मी नाही.

फोन सारखा वाजतोय. गॅटलिनसाहेब असतील. वाजू दे. कॉफी केलीय, एकटीपुरती.