रेवाचा फोटो

रावेर, ४ मार्च २०२५

ती. नानांस, कामिनीचा सा. न. वि. वि.

पस्तीस वर्षं तुम्ही धुळ्यात लोकांची पत्रं वाटलीत आणि निवृत्त झाल्यावर आपल्याला कोणी पत्र टाकत नाही म्हणून रुसता, त्यासाठी हे लिहितेय असं समजू नका. फोनवर बोलता येत नाही हो. तुमचा फोन आला की सासूबाई स्पीकर लावायला सांगतात.

जितेंद्रांच्या कंपनीने मस्कतला कुटुंबासाठी खोली दिलीय, हे तुम्हाला माहीत आहे. आम्ही मायलेकी मेअखेर पोचलो नाही तर ती दुसऱ्याला जाईल, आणि मग आपला नंबर दोन वर्षांनी. माझा पासपोर्ट कधीच झालाय. अडलंय ते रेवाचं, आणि तेही एका फोटोपायी! मोठ्यांचा फोटो जळगावच्या पासपोर्ट ऑफिसातच काढतात, पण एवढ्या बाळाचा आपण न्यावा लागतो. मागे पांढरं हवं, डोळे उघडे, तोंड मिटलेलं, आणि दुसऱ्या कोणाचं बोटसुद्धा दिसता कामा नये. आठ महिन्यांच्या पोरीला सांगून बघा बरं, तोंड मिट म्हणून.

पहिला फोटो परत आला, कारण डोळ्यांत काजळ आणि गालावर ही एवढी तीट. सासूबाईंना म्हटलं, या वेळी नको. बरं म्हणाल्या. फोटोच्या दुकानात मी दुसरा फ्रॉक काढायला पिशवीत वाकले, तेवढ्यात त्यांच्या कनवटीची काजळाची डबी निघाली आणि लागली तीट! शिवाय फोटोत त्यांचा हात मनगटापर्यंत. तोही परत आला.

नाना, या घराच्या चारही अंगांना केळीच केळी. गच्चीवर गेलं तरी पानांपलीकडे काही दिसत नाही. रोज ट्रक भरून जातात. केळीचे घड दिल्लीला पोचतात, मी मात्र जळगावच्या पुढे जात नाही.

आईला नमस्कार. माया आहे तशीच ठेवा.

तुमची कामिनी


धुळे, ९ मार्च २०२५

चि. सौ. कामिनीस अनेक आशीर्वाद, वि. वि.

पोस्टमनची लेक असून पाकिटावर पिनकोड अर्धाच! शोभतं का तुला? तरी पत्र पोचलं, कारण आमच्या खात्यात अजून माणसं आहेत.

आपल्या गल्लीतल्या रतिलाल फोटोवाल्याला गाठलं. तो म्हणतो, यात काय मोठंसं? आईने खुर्चीवर बसायचं, तिच्यावर डोक्यापासून पांढरी चादर टाकायची, बाळ मांडीवर ठेवायचं आणि चादरीच्या आतून बगलेत धरायचं. बाळ दिसतं, आई दिसत नाही. तुमच्या दुकानदाराला हे सांग.

विहीणबाईंवर फार चिडू नकोस. पोरीला नजर लागू नये एवढंच त्यांच्या मनात असेल. म्हाताऱ्या माणसांचं कधी कधी असं होतं.

रेवाला पापा. आमची आठवण असू दे.

तुझे नाना


रावेर, १६ मार्च २०२५

ती. नानांस, सा. न. वि. वि.

तुमच्या रतिलालची युक्ती केली. मीच बसले चादरीखाली. पोरीने असा टाहो फोडला की शेजारचा सलूनवाला बघायला आला. माझ्या ऑपरेशननंतर तीन महिने ती सासूबाईंच्याच मांडीवर होती, तिला त्यांच्याच हाताची सवय. आई असून मी परकी! फार लागलं मनाला.

म्हणून त्यांनाच म्हटलं, तुम्ही बसा. तर म्हणाल्या, तीन वर्षांमागे ओट्यावर तुझ्या सासऱ्यांना पांढऱ्यात गुंडाळलं, तेव्हापासून या घरात पांढरी चादर नाही, जित्या माणसाने ते अंगावर घेऊ नये. यावर मी गप्प बसायला हवं होतं. पण तोंडावर बोलले, की तुम्हाला आम्ही जायलाच नकोय. त्या शेंगा फोडत बसल्या, आणि फोडलेले दाणे परत टरफलांत टाकत होत्या.

२ एप्रिलची तारीख मिळालीय, तीही गेली तर सगळं गेलं. नाना, दाराला कडी नाही, कोणी अडवत नाही, तरी कोंडल्यासारखं होतंय. तुमची पत्रं त्यांना वाचून दाखवावी लागतात, तीही मी गाळून वाचते. आता तुम्हीच सांगा काय करू.

दुखऱ्या मनाची, तरी तुमचीच,
कामिनी


धुळे, २१ मार्च २०२५

चि. सौ. कामिनीस अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र आल्यापासून घास गोड लागत नाही. एक गोष्ट सांगायची आहे. तुझ्या आईलाही माहीत नाही.

तू म्हणतेस, त्यांना तुम्ही जायला नकोय. असेल तसं. पण पोरी, मला त्यांना नावं ठेवायचा हक्क नाही. तुला नाशिकच्या त्या संस्थेचं मुलाखतीचं बोलावणं उशिरा मिळालं होतं, आठवतं? तारीख उलटून गेली म्हणून तू दोन दिवस जेवली नव्हतीस, आणि मी म्हटलं होतं, पोस्टाचा घोळ. घोळ नव्हता. आपली गल्ली माझ्याच वाटपाच्या बिटात होती. ते पाकीट चार दिवस माझ्या पिशवीत होतं. रोज दारापर्यंत आणायचो आणि परत न्यायचो. आयुष्यात कोणाचं पत्र मी अडवलं नाही, फक्त तुझं अडवलं. तू गेलीस तर घर खायला उठेल, एवढंच डोक्यात होतं. पुढे वर्षाच्या आत रावेरचं स्थळ आलं आणि गेलीसच की. मग मी काय राखलं?

माफ कर म्हणायला तोंड नाही. विहीणबाईंशी मात्र नीट बोल. जमलं तर कळव, राग आला तरी कळव.

तुझा अपराधी,
नाना


रावेर, ४ एप्रिल २०२५

व्याहीबुवा जीवरामभाऊंले बेबाबाईचा रामराम.

मले लिहिता येत नही, कामिनी लिहू राहिली. मी बोलीन तसंच लिही, सुधरवू नको, असं तिले सांगेल आहे. तुमच्यावर ती रागावेल आहे. आपल्या मनचं एक अक्षर टाकणार नही म्हणते. पण लिहिता लिहिता डोळे पुसू राहिली. ते लिहीत नव्हती, मी म्हटलं, तेही लिही.

तुमचं पत्र तिनं मले अख्खं वाचून दाखवलं. आधी गाळून वाचे. मले समजत व्हतं हो, एवढं मोठं पत्र आन् वाचायले दोन ओळी! या वेळी काही नही गाळलं. मी ऐकलं आन् उठून गोठ्यात जाऊन बसली.

भाऊ, पहिली तीट नजरेची व्हती. दुसरी नही. तुम्ही पिशवीत ठेवलं, मी पोरीच्या गालावर ठेवलं.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या सुमनबाईची चादर मागून आणली. पोरीचं तोंड सोता धुतलं, गाल कोरा ठेवला. खुर्चीवर बसली आन् कामिनीले म्हटलं, टाक. आत नुसतं पांढरं. मालकाची लई याद आली. पण पोरीले बगलेत धरलं आन् ती गप झाली, समोर पाहू लागली.

परवा जळगावले फोटो पास झाला. आता पासपोर्ट येईन आन् दोघी जातीन. जाऊ द्या. त्या गेल्यावर पत्र मले टाकत जा, सुमनबाई वाचून दाखवीन. तुम्हीही काही गाळू नका.

फोटोवाल्यानं मोठा फोटो काढून वरचा तेवढा कापला. खालची पट्टी फेकू राहिला व्हता, ती मी मागून घेतली. देव्हाऱ्यात ठेवेल आहे. कोणी पाहिलं तं म्हणीन, बाईनं नुसत्या फ्रॉकचा फोटो कशाले ठेवला? पण फ्रॉकच्या दोन्ही अंगांनी चादर जराशी फुगेल आहे. ते माझे हात आहेत.

तुमची विहीण,
बेबाबाई