गिटारच्या पोटातला कापूस

५ जानेवारी, रविवार
कार्यक्रम एकंदरीत छान. महिला मंडळाचा हॉल भरलेला. माझ्या गिटारचं कौतुक झालं. मधून फुगलेली, व्हायोलिनसारखी दोन भोकं असलेली आर्चटॉप अख्ख्या अमरावतीत दुसऱ्या कुणाकडे नाही. आज तिला थरथर टिपणारा पिकअप चिकटवून पहिल्यांदाच अॅम्पवर, म्हणजे स्पीकरवर, वाजवली. शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेली.

एकच बारीक गोष्ट. मंजू दुसऱ्या कडव्यात असताना 'हूंऽऽ' असा आवाज सुरू झाला आणि वाढतच गेला. बायकांनी कानांत बोटं घातली. मंजूला वाटलं, तिचाच माईक. तिने घाबरून तो पदरात गुंडाळला. नेमका त्याच क्षणी मी तारांवर पंजा ठेवला. आवाज थांबला. सगळ्यांनी मंजूकडे पाहिलं. ती स्टेजवरून उतरली ती परत चढली नाही.

लग्नानंतर पहिल्यांदाच गात होती माझी बहीण. मीच मागे लागले होते. तिच्या सासूबाई मनकर्णाबाई पहिल्या रांगेत. म्हणाल्या, "एवढ्यासाठी अकोल्याहून आणलं का वं आमाले?"

मंजू रडत म्हणाली, "ताई, माझ्या हातानं माईक धरल्याच गेला नाई."

मी तेव्हा पाणी पीत होते. तोंडात पाणी असताना बोलता येत नाही.

६ जानेवारी
मंजूला आज सांगायचंच.

फोन केला. तिने हार्मोनियमवर चादर टाकली म्हणे. "आता हार गुंफते, तेच बरं." (त्यांचं फुलांचं दुकान आहे.) मी सांगणारच होते. पण नुसतं 'ती माझी गिटार होती' म्हणणं अर्धवट वाटलं. मी कोचिंग क्लासमध्ये अकरावीला फिजिक्स शिकवते. आधी कारण, मग उपाय, मग निवेदन, हा क्रम असतो.

कारण सोपं आहे. स्पीकरचा आवाज गिटारच्या पोकळ पोटात शिरतो, पोट थरथरतं, पिकअप ती थरथर पुन्हा स्पीकरला पाठवतो. गोल गोल. यात कुणा एका व्यक्तीचा दोष म्हणता येत नाही.

१२ जानेवारी
दोन्ही भोकांवर पॅकिंगची टेप लावली. आवाज वाढवला. हूंऽऽ. शेजारचं कुत्रं भुंकलं.

मनोज आतून म्हणाला, "आवाज कमी कर ना." माझा नवरा सिंचन खात्यात आहे. कुठल्याही संकटावर त्याचा एकच उपाय, व्हॉल्व्ह बंद करणे.

मग हळूच म्हणाला, "मंजूले सांगितलं का?" मी म्हटलं, प्रयोग चालू आहे.

१९ जानेवारी
चांगली बातमी! अकोल्याला फूलविक्रेत्यांचा स्नेहमेळावा आहे, २३ फेब्रुवारीला. त्यांनी मंजूला गायला बोलावलंय. ती नको म्हणते. "पुन्हा माईक बोंबलला तं सासूबाई मले जन्मभर ऐकवतील."

मी तिला खूप समजावलं. धीर दिला. बोलण्याच्या ओघात असंही म्हणून गेले की माईक कसा धरायचा ते मी तुला शिकवते.

हे म्हणायला नको होतं.

२१ जानेवारी
व्हिडिओ कॉलवर पहिला धडा. घरी माईक नाही म्हणून मंजूने लाटणं धरलं. मी म्हटलं, थोडं तिरपं. तिने तिरपं धरलं. "असं का ताई? बरोबर आहे?" इतक्या भाबडेपणाने विचारलं की मला चहा आठवला. गॅसवर नव्हता. तरी उठले.

तिचा गेलेला आत्मविश्वास मी परत आणत आहे, असं याकडे पाहिलं पाहिजे.

२६ जानेवारी
झेंडावंदन करून आल्यावर उपाय सापडला. पोट पोकळ आहे हाच त्रास ना? मग भरायचं. तेल्हाऱ्याच्या रुख्मिणीवहिनीने शेतातला कापूस पाठवला होता, गादीसाठी. भोकांतून चिमट्याने आत कोंबला. दुपार गेली.

अॅम्प लावला. हूं नाही! सरकी तशीच असल्यामुळे गिटार हलवली की खुळखुळ्यासारखी वाजते, पण तेवढं चालायचं.

आता प्रश्नच मिटला. जे पुन्हा कधी होणारच नाही ते सांगून मंजूला उगाच दुखवायचं कशाला? फार हलकं वाटलं. जेवताना मनोज नुसता माझ्याकडे पाहत होता. भाजीत मीठ कमी असेल.

२ फेब्रुवारी
गिटारमधून खसखस. उंदीर. सरकी खायला आत शिरला होता.

मनोज म्हणाला, "चला, तुझ्या गिटारले एक तरी हौशी भेटला."

सगळा कापूस ओढून काढला. जुन्या उशीतला फोम घातला. तो उंदीर खात नाहीत. (बहुतेक.)

९ फेब्रुवारी
अकोल्याला रिहर्सल. मंजूने खरा माईक हातात घेतला, तापलेला तवा धरावा तसा. मी शिकवल्याप्रमाणे तिरपा, आणि इतका लांब की आवाजच पोचेना. प्रत्येक ओळीनंतर माईककडे बघायची, चावेल की काय असं.

मनकर्णाबाई दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "लाटनं धरून तं लय ग्वाड गाते. माईक दिला का हात कापते तिचा. तुमी काय शिकवलं वं तिले?"

सांगायला तोंड उघडलं. तेवढ्यात भरीत आणि भाकरी समोर आली. मंजूने माझ्यासाठी वांगी स्वतः भाजली होती. जेवताना असले विषय काढू नयेत. तीन भाकऱ्या खाल्ल्या. एकही गोड लागली नाही.

१६ फेब्रुवारी
कार्यक्रमाच्या आधी सांगायचं. ठरलं. यात बदल नाही.

२२ फेब्रुवारी
कार्यक्रमाच्या आधी सांगितलं तर ती डगमगेल. तिच्या हितासाठी कार्यक्रमानंतर.

२३ फेब्रुवारी, रविवार
लिहायचं नव्हतं. लिहिते.

पहिलं गाणं माझ्या साथीने नीट झालं. फोमने काम केलं. पण हॉल मोठा, लोक गप्पा मारत होते, गिटार मागे ऐकू जात नव्हती. म्हणून आवाज थोडा वाढवला. मग आणखी थोडा.

गाणं संपल्यावर मंजूने माईक बंद करून टेबलावर ठेवला आणि पाण्याचा ग्लास उचलला. मधली जागा रिकामी राहू नये म्हणून मी दोन सूर वाजवले.

हूंऽऽऽ.

मंजूने ग्लास टाकला. धावत जाऊन माईक उचलला आणि पदरात गुंडाळला. आवाज वाढतच गेला. तिने माईक छातीशी दाबून धरला. तरी वाढला. माझा हात तारांवर जायला हवा होता. गेला नाही.

पहिल्या रांगेतून मनकर्णाबाई ओरडल्या, "अवो, माईक तं बंद हाये! मंग बोंबलून कोन राह्यलं?"

सगळा हॉल हसला. मंजूने पदर सोडून माईककडे पाहिलं. मग माझ्याकडे. तशीच चालत आली, वाकली आणि माझ्या गिटारची वायर उपसून काढली. "ताई, तू बस आता," म्हणाली.

मग तिने आणखी तीन गाणी म्हटली. माईक ओठांजवळ, सरळ. मी शिकवला तसा मुळीच नाही. मागच्या गप्पा बंद झाल्या. मी गिटार मांडीवर घेऊन बसून होते. बोटं हलवत होते, कुणाला विचित्र वाटू नये म्हणून.

नंतर आत तिने विचारलं, "तुले तवाच माहीत होतं?"

हो म्हणायचं होतं. तोंडातून आलं, "काय होतं मंजू, पोकळ लाकूड असलं की..."

तिने पूर्ण ऐकलंही नाही. सासूबाईंचा हात धरून ऑटोत बसली.

२४ फेब्रुवारी
फोन उचलत नाही. हॉलचं छप्पर पत्र्याचं होतं. पत्र्यामुळे असं होऊ शकतं.

२५ फेब्रुवारी
छप्पर स्लॅबचं होतं.

२ मार्च
आज उचलला. मी बसून नाही, उभी राहून बोलले. एकाच वाक्यात. जानेवारीत ओरडली ती माझी गिटार होती, मला तेव्हाच कळलं होतं आणि मी गप्प बसले. पुढे फिजिक्स जोडलं नाही. जिभेवर होतं.

पलीकडून बाजाराचा आवाज येत होता. कुणीतरी झेंडूचा भाव विचारत होतं.

मग मंजू म्हणाली, "सगळ्या अकोल्याले माहीत झालं, ताई. फक्त तूच सांगायची राह्यली होती."

मी रडले. तिने रडू दिलं. मध्येच एका गिऱ्हाईकाला हार बांधून दिला, तेही ऐकू आलं.

नऊ तारखेला तिला मूर्तिजापूरला गायला बोलावलंय. म्हणाली, "येजो. पुढं बसजो, मले दिसशीन अशी."

गिटारचं मी विचारलं नाही. तरी ती म्हणाली, "नको."