चौथं माणूस

प्रिय हरेश,

फोन केला असता, पण तू ‘टाइम नाय’ म्हणून ठेवून देतोस. पत्र मधे तोडता येत नाही.

परवा नववीला वेट आणि एक्स्पेक्ट हे दोन शब्द शिकवले. आपण बहुतेकदा दोन्हींना ‘वाट पाहणं’ म्हणून मोकळे होतो. मी सांगितलं, फाट्यावर एसटीसाठी उभं राहणं म्हणजे वेट. ती येईल की नाही कोण जाणे. पाहुणा येणार म्हणून चार भाकऱ्या जास्त थापणं म्हणजे एक्स्पेक्ट. मागच्या बाकावरची भूमिका म्हणाली, “म्हंजे मॅडम, वेट करनारा बसून ऱ्हातो नि एक्स्पेक्ट करनारा कामाला लागतो.” व्याकरणात हे बसणार नाही. तरी मी तिला शाबासकी दिली. उरलेला तास माझं शिकवण्यात लक्ष नव्हतं.

बाबांनी दोन वर्षांत तुझं नाव घेतलेलं नाही. आईनं तुझ्या भातसानगरच्या घराचा विषय काढला की म्हणतात, “मी कोनाची वाट नाय बघत.” ते खरं आहे. ओट्यावर बसून रस्त्याकडे पाहताना मी त्यांना कधी पाहिलं नाही. पण उन्हाळ्यात भाताच्या रोपासाठी शेण-पाला पसरून राब भाजला, तो वरच्या खाचरापुरता जास्त भाजला. ते खाचर तू लावायचास. गेल्या वर्षीही भाजला होता. रोप पिवळं पडायला लागलं, तेव्हा देवजीकाकांना देऊन टाकलं.

त्याच खाचरात ते तुला म्हणाले होते, “रोप लावतो का खुंटं ठोकतो?” माधुरी तुमच्या लग्नानंतर पहिल्यांदाच आवणीला, भात लावायला आलेली. सगळे हसले. मीही हसले, हरेश. तू पाहिलंस की नाही, ठाऊक नाही. रोपांची मूठ बांधावर ठेवून, पाय न धुता तू निघून गेलास.

काल आवणीच्या पाळ्या ठरल्या. आपली पद्धत तीच: जितकी माणसं दुसऱ्याच्या शेतात देऊ, तितकीच आपल्या पाळीला येतात. देवजीकाकांनी विचारलं, माणसं किती? बाबा म्हणाले, चार.

“आरं, तुमी तर तिघंच. चवथा काय माळशेजातून उतरनार?”

बाबा तंबाखू मळत राहिले. “येल तो,” म्हणाले.

सोमवारी पहिल्या पाळीला देवजीकाकांच्या बांधावर आम्ही तिघंच उभे राहिलो, तर ज्या हसण्यानं तू गेलास तेच बाबांच्या वाट्याला येईल. ते तुला बोलावणार नाहीत. चार म्हणाले, तेच त्यांचं बोलावणं असावं. मी लिहिलंय हे त्यांना माहीत नाही. आज सकाळी त्यांनी माळ्यावरून तुझं पावसाचं इरलं काढलं, कोळिष्टकं झाडली आणि आमच्या इरल्यांशेजारी भिंतीला लावून ठेवलं. मी शाळेत रजा टाकलीय. सोमवारी भाकऱ्या चार माणसांच्या बांधीन. माधुरी आली तर पाच.

तुझीच,
तेव्हा हसलेली
वत्सलाताई