कंबरपट्टा असलेला दगड

सोमवार, ३ मार्च

विसरलीस ना, वही? काल एवढं बोलले आणि आज पान कोरं! नात म्हणते, लिहिता लिहिता तिलाच झोप लागली. मी दोष तुलाच देणार. तू उलटून बोलत नाहीस.

तर पुन्हा सांगते. आमच्यासारख्यांनी सरकारी कचेरीत मागच्या दारानं जायचं, असा नियम. सून म्हणाली, पुढच्या दारानं जाईन, नाहीतर पायऱ्यांवर बसून राहीन. मी म्हटलं, मागचं दार काय वाईट, तिथं सावली तरी असते. ती निघालीच. मी उकडलेले बटाटे तेवढे घेऊन गेली.

शनिवारी तिला धरून नेलं. दगड मारला म्हणे.

मंगळवार, ४ मार्च

न्हाव्याच्या दुकानात वर्तमानपत्रातला फोटो लावलाय. सून! हात उगारलेला, हातात दगड. गिऱ्हाइकं खालची ओळ वाचतात — ‘दगडफेक करणारी महिला’ — मान हलवतात आणि दाढीला बसतात. मला अक्षर येत नाही, म्हणून नुसती बघत बसले. जवळून सगळे ठिपकेच, खसखस सांडल्यासारखे. मागे सरकलं की त्यातून सून वर येते, पाण्यातून यावी तशी. न्हाव्यानं विचारलं, आजी, तुमचीही दाढी करायची का?

बुधवार, ५ मार्च

डोळे मिटले तरी ते ठिपके. दुपारी पडल्या पडल्या त्या पायऱ्या चढत होते. पाय टेकतच नव्हते.

गुरुवार, ६ मार्च

दगडाला कंबरपट्टा आहे!

उकडण्याआधी मी बटाट्याला मधोमध सुरीनं गोल चीर पाडते. मग साल दोन टोप्यांसारखी निघते. सून चिडवायची, तुमच्या बटाट्यांना कंबरपट्टा कशाला? तीच पांढरी रेघ फोटोत आहे. न्हाव्याला दाखवायला गेले, तर तो पुन्हा खालची ओळ वाचायला लागला.

“वाचू नकोस,” म्हटलं. “बघ.”

वस्तरा हवेतच राहिला. गिऱ्हाईक अर्ध्या दाढीनं उठून बघायला आलं.

शनिवार, ८ मार्च

नातीनं फोटोवाल्याला गाठून घरी आणलं. त्याच्याकडे अख्खा फोटो होता. जागा पुरेना म्हणून छापताना एक बाजू कापली होती. त्या बाजूला वरच्या पायरीवर तिघी जणी, झेलायला हात पसरलेल्या. एकीचं तोंड आधीच उघडं!

मी एक बटाटा त्याच्या हातावर ठेवला. तो कितीतरी वेळ चिरेकडे बघत राहिला.

“आजी, काढताना मलाही दगडच दिसला होता.”

“आता खा,” म्हटलं.

मंगळवार, ११ मार्च

अख्खा फोटो छापून आला. न्हावी दुकानाला कुलूप लावून पायऱ्यांवर जाऊन बसला. दुसऱ्या गावाहून दोघी बहिणी आल्या, पिशवीत कात्रण. ते पसरलेले हात बघितले आणि घरी बसवेना, म्हणाल्या. कागदाचा एवढासा तुकडा — कुठल्या कुठल्या स्वयंपाकघरांत शिरला असेल, कुणाकुणाला उठवून आणेल!

संध्याकाळी सून सुटली. ती माझ्या पायांशी बसून बटाटा सोलत होती. साल टोपीसारखी निघाली, ती तिनं माझ्या अंगठ्यावर घातली.

शुक्रवार, १४ मार्च

नात गजांबाहेर बसून लिहिते आहे, मी आतून सांगते आहे. पुढच्या दाराचा उंबरठा ओलांडला, मगच धरलं. सूनबाईला सांग, आम्ही अकरा जणी आहोत. बटाटे पाठव, मीठ वेगळ्या पुडीत. आणि या वेळी कापून पाठव.