वडगावला राहिलेला गेम

तीर्थरूप ताईस,

कोरेगावाहून धाकट्या हनुमंताचा दंडवत. दाजींच्या गुडघ्याला उतार पडला असंल, पोरं बरी असतील. मी अंगानं बरा हाय, पण चार दिवस झाले, भाकरी घशाखाली उतरत न्हाई.

रविवारी वडगाव रासाईला प्रतिभाला बघायला गेलो, ते तुला ठाऊकच हाय (स्थळ तूच आणलंस, दोष देत न्हाई, नुसतं सांगतोय). एसटीत वेळ जाईना म्हणून कंपनीतल्या रोहनकडनं आणलेला हातातला व्हिडिओ गेम काढला. त्यात एक शिपाई बंदूक घेऊन नुसता पळतो आन् दिसंल त्याला गोळ्या घालतो. तिसऱ्या टप्प्यावर एक लोखंडी राक्षस हाय, तो मला महिनाभर मारतोय. गाव आलं तसा गेम खिशात कोंबला, बंद करायचा राहिला. पोहे आले, प्रतिभाच्या वडिलांनी, म्हंजी आबांनी, पगार विचारला, आन् मी तोंड उघडणार तेवढ्यात खिशात गोळीबार सुरू. आबा म्हणाले, “पावणं, काय फुटतंय?” काढून दाखवावा लागला. प्रतिभा वाकून बघत म्हणाली, “उड्या कशाला मारताय? आडवं पडायचं, गोळ्या वरनं जातात.” आन् घेतला की हातात! (तिचा मामेभाऊ सुट्टीत असलाच घेऊन येतो म्हणं.) दोन मिनिटांत राक्षस खलास. तिच्या आत्यानं विचारलं, “तुम्ही किती वेळा मेलात?” खरं बोलायला नको होतं. एकोणचाळीस म्हणालो.

मग आबा म्हणाले, मुलीला काय विचारायचं ते विचारा. ताई, शिक्षण, सैपाक, शेतातलं काम, सगळं तू पाठ करून घेतलं होतंस. माझ्या तोंडातनं आलं, “पुढचा टप्पा कसा हाय?” ती म्हणाली, “बर्फ हाय. घाई केली की घसरता.” आबा ‘कळवतो’ म्हणाले आन् उठले.

तवापासून मशीनवर उभा राहिलो तरी डोक्यात तेच. ती गेमचं बोलली का माझं? मुलगी लई आवडली, ताई. नकार आला तर दुसरं स्थळ बघू नको. दाजींना नमस्कार सांग, पत्र मात्र दाखवू नको.

तुझा,
हनुमंत

ता. क. : दाजींना दाखवच. त्यांनी वडगावला जाऊन होकार का नकार तेवढं काढून आणावं. गेम मात्र मागू नये. निघायच्या गडबडीत तो तिच्याच हातात राहिला. रोहनला दुरुस्तीला टाकलाय म्हणून सांगितलंय. गेम तिकडं हाय तवर आबांना निरोप धाडावाच लागंल.

आणखी ता. क. : पाकीट चिकटवणार तेवढ्यात कंपनीच्या गेटवर फोन आला. खुद्द प्रतिभा. “सेल संपलेत. येताना चार घेऊन या,” म्हणाली आन् ठेवला. आता ‘येताना’ म्हंजी कवा? ह्याला होकार म्हणायचं का? दाजींना कुठं धाडू नको. मी आठ घेतलेत.