अर्ध्यावर राहिलेला ताणा

मी, दामियाना अउक्कापुमा, कै. मेल्चोर सिन्चीची बायको, राहणार पुकारुमी, कुस्को, गुडघे सोडले तर धडधाकट आणि डोक्यानं पूर्ण शाबूत असताना हे मृत्युपत्र लिहीत आहे. माझ्यावर कुणाचा दबाव नाही; तो आणणारा अजून जन्मायचा आहे.

घर आणि मागचं बटाट्याचं शेत लेक नेलीला. लिमात बसून तिनं ते विकू नये. चुलीमागचे गिनीपिग शेजारच्या पास्कुआलाला. तसेही ते तिच्याच घरात सापडतात. विणताना वापरायची लामा जनावराच्या हाडाची काडी भाची योलाला, तिचा हात जड असला तरी.

माळ्यावरच्या गाठोड्यात अर्धवट ताणा आहे, विणण्याआधी ताणून घेतलेले उभे दोरे, तो मात्र कुणालाही देत नाही. लग्न होऊन आले तेव्हापासून ताणा काढायला मी आणि माझी नणंद हिलारिया. दोघी दोन खुंट्यांपाशी समोरासमोर, मधून लोकरीचा गुंडा इकडून तिकडे. रंग बदलायचा तो खुंटीपाशीच, जुन्या दोऱ्याला नवा बांधून, हे मला तिनंच शिकवलं. एकदा गुंडा डुकरानं पळवला तेव्हा आम्ही पोट दुखेस्तोवर हसलो होतो. फार चांगले दिवस होते ते.

मेल्चोर गेला तेव्हा दुखवट्याच्या शालीचा ताणा काढायला बसलो. मी काळा दोरा मागितला, तिनं लाल बांधला.

"माझा भाऊ काय कावळा होता, वहिनी?"

"दुखवट्याची शाल आहे, वन्सं! नवरा माझा गेलाय."

"आणि भाऊ कुणाचा गेलाय?"

मी लाल दोरा तोडला. ती उठून गेली, ती पुन्हा आली नाही. चर्चमध्ये दिसते, बोलत नाही. मीही बोलत नाही. योलाला समोर बसवून पाहिलं, जमलं नाही. मला हिलारियाची फार आठवण येते.

तरीही तिला या मृत्युपत्रानं काहीच मिळणार नाही, सुताचा तुकडासुद्धा नाही. लोक नावं ठेवतील, ठेवू देत. कारकून म्हणाला, ज्याला वाटा मिळतो त्याला साक्षीदार होता येत नाही. आणि साक्षीदाराला माझ्या घरी येऊन, माझ्यासमोर बसून अंगठा द्यावा लागतो.

खुंट्या मी अंगणात ठोकून ठेवल्या आहेत.

सही: दामियाना अउक्कापुमा
साक्षीदार: रुफिनो ताइपे, सुतार (सही)
साक्षीदार: हिलारिया सिन्ची (अंगठा)
पुकारुमी, १४ जून १९८७

कारकुनाची नोंद: सह्या सकाळी व्हायच्या होत्या. दोघी बाया अंगणातून उठेनात म्हणून संध्याकाळी झाल्या. साक्षीदार बाईंच्या आग्रहावरून लिहिले: "लालच बांधलाय." मृत्युपत्र करणाऱ्या बाईंच्या आग्रहावरून लिहिले: "एकच पट्टा, वन्सं. पुढे काळा."