दिवसा सांगितलेली चिंबोरीची गोष्ट

२ डिसेंबर, मंगळवार

पुस्तकं आली! दोन खोकी, शंभर प्रती. एक स्कूटीच्या पुढ्यात, एक मागं बांधून सापगावहून डोळखांबच्या पुढं आमच्या पाड्यापर्यंत आणली. दर खड्ड्याला जीव वर. मुलांनी वर्गात पाय ठेवू दिला नाही, दारातच खोकं फोडायला लावलं. 'चिंबोरीचं लगीन', म्हणजे खेकडीचं. चित्रं माझ्या तिसरी-चौथीच्या पोरांची, गोष्ट जाईची. पहिल्याच पानावर ठळक छापून घेतलंय, गोष्ट सांगणारी: जाई, इयत्ता चौथी. मागच्या बाजूला माझा मोबाइल नंबर, कुणाला प्रत हवी असली तर. इतक्या वर्षांच्या नोकरीत असा आनंद बढतीच्या कागदानं पण झाला नव्हता.

जाईनं पुस्तक घेतलं, वास घेतला, परत खोक्यात ठेवलं. म्हटलं, अगं घरी ने, आजीला दाखव. "नको बाई." लाजली असेल.

३ डिसेंबर

प्रकाशन ठरलं. शनिवार, २० ता., सकाळी साडेदहा. केंद्रप्रमुख साहेब येणार. (यापुढं के.प्र. रोज एवढं लांब कोण लिहिणार.) कार्यक्रम वहीत उतरवला. चिंबोरी शर्यत, म्हणजे आडवं धावायचं, कारण गोष्टीतली चिंबोरीची वरात आडवीच चालते आणि मांडवात काही पोचत नाही. पुठ्ठ्याचे मुखवटे. भेंडीचे ठसे. मैदान आखायच्या पांढऱ्या फक्कीनं बाण काढून खजिना शोध. मग जाई गोष्ट सांगणार, के.प्र. फीत कापणार, खाऊ.

वही बघून हे म्हणाले, "पुस्तक आहे का लग्न?" म्हटलं, दोन्ही. तुम्ही वाशिंदच्या कंपनीत स्क्रू मोजा.

५ डिसेंबर, शुक्रवार

तालीम. जाईनं तोंड उघडलं नाही. एकदा, दोनदा, चारदा. पोरं ओरडायला लागली, "सांग ना गो!" तिच्याऐवजी दुसरीनं सुरुवात केली तर हिनं दोन्ही कानांवर हात. माझं पित्त खवळलं. "तुझ्या नावानं शंभर पुस्तकं छापलीत आणि आता मुकी झालीस?" सगळ्या वर्गासमोर. मधल्या सुट्टीनंतर दप्तर घेऊन घरी निघून गेली.

हीच पोर. ऑगस्टात भर दुपारी खिचडीचं ताट मांडीवर घेऊन हिनंच मला अख्खी गोष्ट सांगितली होती. सहज नाही म्हणा. आठवडाभर मागं लागले होते, रंगीत खडूंची पेटी कबूल केली तेव्हा. आता कसला एवढा भाव खातेय?

८ डिसेंबर, सोमवार

शनिवारी नाही, आज पण नाही. शाळा सुटल्यावर तिच्या घरी गेले. जाईला आई नाही, बाप दुसरीकडं. आजी आणि लक्ष्मणमामा, एवढंच घर. खळ्यावर आजी एकटीच भात झोडत होती. या वयात. म्हटलं, लक्ष्मण कुठंय?

दसऱ्यानंतर बांधकामाच्या लोकांबरोबर मुरबाडकडं गेला. झोडणीला येतो म्हणाला होता. आला नाही. फोन बंद. टोळी तिथून पण हलली म्हणे, कुठं ते कुणाला ठाऊक नाही. आणि मग आजी म्हणाली, "पोरगी म्हनते, माज्यानं झाला."

तिच्यानं काय झालं?

"दिसाची गोष्ट सांगितली का मामा वाट चुकतो. तुमाला नाय ठावं?"

ठाऊक होतं की. माझी आई पण म्हणायची, दुपारी कामाच्या वेळी आम्ही गोष्टीसाठी भुणभुण लावली की. आम्ही हसायचो आणि पळायचो. कुणी खरं मानेल असं कधी मनात आलं नाही.

जाई दाराआडून बघत होती. म्हणाली, "तुमीच सांगाय लावली बाई. मी नवते सांगत." मग दारातून पुढं येऊन, "ती गोष्ट माजी नाय. मामाची हाय. रोज सांजला मामा सांगतो, मी हूं देते. पुस्तकात मामाचा नाव पन नाय."

तोंडात मारल्यासारखं झालं. गोष्ट कुणाची, एवढं साधं विचारलं नव्हतं मी. आजीनं चहा केला, तो कसाबसा प्यायले आणि निघाले.

९ डिसेंबर

रात्रभर तळमळले. हे म्हणाले, "सांग तिला, अंधश्रद्धा आहे म्हणून. शिक्षिका ना तू?" आज जाई आली. बाजूला घेऊन सांगितलं, बाळा, असं काही नसतं, दिवस असो नाहीतर रात्र, गोष्टीनं कुणी हरवत नाही.

"मंग मामा कुठं हाय?"

मला काय वाटतं त्यानं काय होतंय, पोर दोन महिने हे एकटी मनात घेऊन फिरतेय आणि हे तिच्या डोक्यावर मी ठेवलंय. खडूच्या पेटीसाठी! लाज वाटते स्वतःची.

११ डिसेंबर, गुरुवार

प्रकाशन संध्याकाळी घ्यायचं. ठरलं म्हणजे ठरलं.

के.प्र. फोनवर: "मॅडम, संध्याकाळी कसं काय? कारण काय लिहायचं?" म्हटलं, लिहा, पालक दिवसा खळ्यावर असतात. खोटं पण नाही. "बघतो," म्हणाले. म्हणजे नाही.

जाईला विचारलं, सांजच्याला ठेवलं तर सांगशील? खूप वेळ नखं कुरतडली. "पण ती आदीची दिसाची सांगितलेली हाय ना. तिचा काय?"

हात टेकले. पण बरोबरच आहे तिचं.

१५ डिसेंबर, सोमवार

प्रश्न वर्गापुढं ठेवला. जाईची परवानगी घेऊन. कुणी हसलं नाही, हे विशेष. पोरांना हा नियम माहीतच आहे, त्यांच्या दृष्टीनं चूक फक्त माझी! वाट चुकलेल्याला काय करायचं यावर अर्धा तास खल. शेवटी तिसरीतली सुमन म्हणाली, "मंग वाट दाखवायची ना मामाला. फक्की हाय की."

खजिना शोधाचे बाण. मोठ्या रस्त्यावरच्या फाट्यापासून शाळेपर्यंत, आणि शाळेपासून जाईच्या दारापर्यंत. खजिना नको म्हणाली सगळी. मी यमक जुळवून सात चिठ्ठ्या लिहिल्या होत्या, दोन रविवार घातले होते. गेल्या त्या. थोडा रागच आला, खोटं कशाला बोलू.

नावाचं पण ठरलं. शंभर प्रतींवर पोरं हातानं लिहिणार, गोष्ट: लक्ष्मणमामाची. आजच सुरू केलं. सुमनची जीभ लिहिताना बाहेर येते.

२० डिसेंबर, शनिवार

झालं. पायाचे तुकडे पडलेत पण लिहूनच झोपणार.

दुपारी तीनपासून बाण. दोन गोण्या फक्की. मोठ्या आंब्यापाशी वाट फुटते, तिथं जाईनं एवढा मोठा बाण काढला की वरून विमानाला दिसावा. पांढरी पोरं, पांढरे केस. येणारेजाणारे विचारत होते, मंत्री येतोय का रे? पोरं म्हणायची, मामा येतोय.

चिंबोरी शर्यतीत पालकांनाच जास्त चेव. दोन बाप्ये एकमेकांवर आपटले, बायांची हसून मुरकुंडी वळली. भेंडीचे ठसे कागदावर कमी, शर्टांवर जास्त. सोमवारी सगळ्या आया माझ्या नावानं बोटं मोडणार.

सव्वासहा झाले. के.प्र. नाहीत. फीत सुमनकडून कापून घेऊ म्हटलं, तेवढ्यात साहेबांची मोटारसायकल. घामाघूम. माईक नव्हताच, तसंच बोलायला उभे राहिले: "मॅडम, तुमचे आभार. त्या आंब्यापाशी मी दुसऱ्याच वाटेला लागलो होतो. बाण दिसला म्हणून मागं फिरलो. नाहीतर आज काही पोचत नव्हतो!"

सगळ्या पोरांनी मान वळवून जाईकडं बघितलं. के.प्र. गोंधळले, आपलं काय चुकलं म्हणून. आणि जाई हसली. ऑक्टोबरपासून पहिल्यांदा बघितलं मी तिला हसताना.

आजीनं शाळेच्या ओट्यावर दिवा लावला. जाई उभी राहिली, आधी डोंगराकडं बघून घेतलं, उजेड पूर्ण गेलाय ना. मग सुरुवात. "एक होती चिंबोरी. तिचा लगीन ठरला." आणि थांबली. मला वाटलं विसरली. विसरली नव्हती. वाट बघत होती. ऐकणाऱ्यानं हूं द्यायचा असतो, त्याशिवाय पुढचं वाक्य येत नाही. आजी म्हणाली, "हूं." मग सगळा पाडा, हूं. के.प्र. पण. शेवटी नवरदेव स्वतःच आडवा चालत वरातीला येऊन मिळतो, तिथं तर खालची चिल्लीपिल्ली उठून आडवी चालायला लागली.

मी रडले. के.प्र. म्हणाले, छान झालं हो, दरवर्षी घ्या.

मामा आला नाही. जाताना पोरं फाट्याच्या बाजूला बघत होती, एवढंच.

२४ डिसेंबर

पाड्यावरचा रामदास टेम्पोनं पेंढा घेऊन मुरबाडकडं जातो. त्याच्याकडं दहा प्रती दिल्या. जिथं बांधकाम दिसेल तिथं थांब, लक्ष्मणला विचार, नाही भेटला तर पुस्तक ठेव. "बाई, मी पेंढा विकू का पुस्तकं वाटू?" म्हणाला. पण घेतल्या. सीटवर आपल्या शेजारी ठेवल्या, मागं नाही.

आजीची झोडणी संपली. शेजारच्या बायांनी हात लावला.

२ जानेवारी, शुक्रवार

बाण पुसले गेले. गुरं, मोटारसायकली, वारा. आज मधल्या सुट्टीत बघते तर चौथी गायब. फाट्यापासून नव्यानं काढत होती. फक्की संपली म्हणून चुलीतली राख. मी ओरडायला तोंड उघडलं आणि मिटलं. पाव किलोमीटर मी पण काढले. कंबर गेली.

जाई रोज येते. वर्गात बोलते, भांडते पण. दिवसा गोष्टीच्या पुस्तकाला हात लावत नाही, गणितं मात्र भराभर करते. मी तिला काही म्हणत नाही. माझ्याकडून वर्गात दुपारची गोष्ट बंद झालीय, गोष्टीचा तास आता घरी, दिवा लागल्यावर, आजी-आजोबांकडं. सकाळी येऊन पोरं फक्त चित्र काढतात. के.प्र. विचारतील तेव्हा बघू.

रामदासकडून काही नाही. दोन ठिकाणी पुस्तकं ठेवून आला म्हणे.

९ जानेवारी, शुक्रवार

आजचं पान घरी नाही, पाण्याच्या टाकीपाशी बसून लिहितेय. पाड्यावर रेंज फक्त इथं.

दुपारी ऑनलाइन माहिती भरायला आले होते. पावणेदोनला अनोळखी नंबर. "बाई का? मी लक्ष्मण. जाईचा मामा."

कुठंयस रे? त्याचा फोन सिमेंटच्या पाण्यात पडला, नंबर सगळे गेले, टोळीला तिथून भलतीकडंच नेलं, हा मुकादमाचा फोन. पुस्तक कुणाच्या तरी हातून त्याच्यापर्यंत पोचलं. मागचा नंबर बघून लावला. "बाई, पुस्तकात माजा नाव हाय. पोरांच्या अक्षरात."

येणार कधी? "काम सुटला का येतो." कधी सुटणार? ते सांगितलं नाही. मी दोनदा विचारलं.

मी शाळेकडं तोंड करून अशी बोंब मारली की अख्खी शाळा धावत आली, पुढं जाई. फोन दिला. स्पीकर लावला मी. तिकडून तो म्हणाला, "वाच की गो ती गोष्ट. माजी मी ऐकली नाय कवा. आज तू वाच, मी हूं देतो."

सुमननं वर्गातून पुस्तक आणून हातात दिलं. जाईनं वर सूर्याकडं बघितलं. डोक्यावरून थोडासाच कललेला. माझ्याकडं बघितलं. मी म्हणणार होते, वाच गं बाई, एवढ्यानं काही होत नाही, त्याचा पुन्हा फोन लागेल न लागेल. ओठांवर आलं होतं. गिळलं.

"मामा, आता नाय. दिस हाय. तू सांजला कर," म्हणाली आणि फोन ठेवून दिला.

त्यानंतर त्या नंबरवर मी चारदा लावला. उचलत नाहीत.

यांना फोन करून सांगितलं, जेवण करून घ्या, मला उशीर होईल. "काय झालं?" म्हटलं, फोनची वाट बघतेय. "फोन तर तुझ्या हातात आहे!" आल्यावर सांगते.

सहा वीस. आजी पण आलीय, कंदील घेऊन. पोरं घरी जायला तयार नाहीत, टाकीखाली रांगेनं बसलीत. रेंज दोन काड्या. बॅटरी पुरेल.

साडेसहा. उजेड गेला. जाईनं पहिलं पान उघडून मांडीवर धरलंय.